तीस फुटांचं अंतर

लोणावळ्यात धरणाकडं जाणारा रस्ता जिथं वळतो, तिथं माझ्या मावशीची भाजलेल्या कणसांची टपरी होती. वळणाच्या मागं, रस्त्यापासून तीस फूट आत. अंतर मला पक्कं ठाऊक आहे, कारण नंतर मी ते टेपनं मोजलं. तेव्हा मोजून काही उपयोग नव्हता.

मी एका स्थानिक दैनिकासाठी फोटो काढायचो. पावसाळ्यातल्या एका रविवारी संपादकांचा फोन आला, "गर्दी दिसली पाहिजे. चिक्कार."

जवळून गर्दी विरळ दिसत होती. म्हणून मी उतारानं खालच्या, ओढ्यावरच्या मोरीपर्यंत चालत गेलो आणि मोठी लेन्स लावली. सगळं एकमेकांवर आलं. गाड्या गाड्यांना चिकटल्या आणि त्यांच्या मागची मावशीची टपरी डांबरावरच उभी असल्यासारखी दिसू लागली. मला ते दिसलं होतं. तरी मी बटण दाबलं, फोटो झकास येत होता म्हणून.

तो पहिल्या पानावर आला. खाली ओळ होती, 'टपऱ्यांनी रस्ता गिळला'. आठवड्याभरात जेसीबी आला आणि टपरी पाडून गेला.

त्याच दिवशी जवळून काढलेला दुसरा फोटो घेऊन मी नगरपरिषदेच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी तो आणि पेपरातला शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्ही तुमचेच ना? मग खोटा कुठला?"

"खोटा कुठलाच नाही, साहेब. लांबून काढताना मोठी लेन्स मधलं अंतर दाबते."

"म्हणजे तुम्ही कुठं उभे राहता, त्यावर आम्ही कारवाई करायची?"

शेजारचा कारकून हसला. मी बाहेर आलो.

मावशीला सांगितलं, लेन्समुळं झालं. बरेच दिवस स्वतःलाही तेच सांगत होतो. मग एकदा त्याच मोरीवर जाऊन साध्या लेन्सनं फोटो काढला आणि घरी कॉम्प्युटरवर त्याचा मधला तुकडा कापून मोठा केला. चित्र जरा फुटलं, पण वळणावरचे विजेचे खांब आणि मागची झाडं तशीच एकमेकांना खेटलेली. मोठी लेन्सही फक्त कडाच कापते, मी कॉम्प्युटरवर कापल्या तशा. अंतर दाबलं होतं ते मी लांब जाऊन उभा राहिलो म्हणून. इतकी वर्षं या धंद्यात काढली आणि हे मला माहीत नव्हतं.

मावशी तेव्हा मळवलीच्या एका फार्महाऊसवर भांडी घासायला जायची. तिथं जाऊन तिला सांगितलं, "लेन्सचा दोष नव्हता गं. मी लांब जाऊन उभा राहिलो, त्यानं झालं."

तिनं हात थांबवला नाही. "ठाव हाय मला. मोरीवर हुबा व्हतास, बघितलंतं म्या. हात बी केलता. म्हनलं, माजाच फोटू काढतोय."

मी खाली बसून एक पातेलं ओढलं.

"हो बाजूला," ती म्हणाली, "पाहुनं यायचेत, लय भांडी हायती."