तोकुजींची एकोणिसावी भट्टी

जपानातल्या आमच्या बंदरात मासेमारीच्या बोटींसाठी झडपा बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथली भट्टी तीस वर्षं तोकुजी ओइकावा यांच्या हातात होती. मी झडपा जोडायचे, आणि राहायचेही त्यांच्याच शेजारी.

झडपेत बोटाएवढी कांडी असते. भोवतीच्या तारेत वीज आली की ती वर खेचली जाते. वीज गेली की तिनं मुकाट्यानं सोडून द्यायचं, खाली पडायचं. पण अशी मऊ स्वभावाची कांडी आपटून आपटून झिजते, आणि खारी हवा तिला खाते. टणक करायला जावं, तर ती चुंबकत्व धरून बसते, वरच चिकटते. तोकुजी लोखंड आणि निकेलमध्ये नायोबियम नावाचा धातू थोडा थोडा वाढवत होते. अशा अठरा भट्ट्या लावून झाल्या. कधी गंज, कधी हट्ट.

पितरांच्या सणाआधी मालकीण सुगावारा-सान म्हणाल्या, "तोकुजी-सान, गिऱ्हाईक सतराला येणार. या वेळी नाही जमलं, तर कांड्या बाहेरून आणू आणि भट्टी बंद करू."

"आणि माझं काय?"

"चहा करता येतो ना?"

"माझा चहासुद्धा गंजतो," ते म्हणाले. सगळे हसले, ते सोडून.

तेरा तारखेला सूर्य मावळताना आमच्याकडे दारात तागाच्या काड्या पेटवतात, गेलेल्या माणसांना घर सापडावं म्हणून. तोकुजींची बायको हानाए जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, बोलावणारे ते एकटेच. पण त्या दिवशी माल उशिरा आला, आणि भट्टी नेमकी सूर्यास्ताला सहाशे अंशांवर उतरली. सहाशेपासून चारशेपर्यंत दोन तास, काट्यावर नजर ठेवून दार केसभर उघडायचं, केसभर लावायचं. घाई झाली तरी कांडी बिघडते, रेंगाळली तरी बिघडते.

मी जाऊन म्हटलं, "तुमच्या दारात मी पेटवते हो."

"नको, कोन्नोबाई. दुसऱ्याच्या हातची आग बघून ती पुढं निघून जाईल. भारी संकोची बाई."

भट्टीच्या खिडकीतून आमची गल्ली दिसते. एकेक दार उजळलं, एकेक विझलं. त्यांचं दार अंधारातच राहिलं. त्यांनी कडीवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांडी वर उडाली आणि वीज तोडताच टपकन खाली पडली. टणकही इतकी, की कानस तिच्यावरून घसरली. मग गंज चढतो का बघायला कांड्या मिठाच्या धुक्याच्या पेटीत ठेवल्या. कारखान्याला सुट्टी होती. तीन दिवस ते एकटेच पेटीपाशी बसून राहिले. घरी तरी कोणाकडे जायचं होतं!

सोळाच्या दुपारी पेटी उघडली. एकही डाग नाही. त्यांनी मालकिणीला फोन लावला. त्या माहेरी होत्या, मागं भाच्यांचा गोंगाट. "वा! भट्टी राहिली!" त्या ओरडल्या, आणि फोन बंद झाला.

सोळाची संध्याकाळ निरोपाची. गल्लीत सगळे पितरांना परत पाठवायला काड्या पेटवत होते. तोकुजी घरात गेले, चार दिवस पडून राहिलेली जुडी घेऊन आले, आणि उंबऱ्याशी वाकून त्यांनी बोलावण्याची आग लावली.

मला राहवलं नाही. "अहो तोकुजी-सान, आता सगळे परत निघालेत!"

ते आगीकडेच बघत होते. "बरंच आहे," ते म्हणाले. "रस्त्यानं उलटी येणारी ती एकटीच असेल. लगेच ओळखू येईल."