रेल्वेमंत्र्यांचा आकडा

दोन वाहनं एकमेकांना जोडलेली दिसली की रेल्वेमंत्री रस्त्यातच उकिडवे बसत. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची चेन, आणि हा सत्तरीचा माणूस कोलशेत रस्त्यावर उभ्या ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे डोकं घालून बसलेला. ड्रायव्हर ओरडायचा, "ओ शेठ, काय पडलंय का तुमचं?" मंत्री सावकाश उठत, गुडघे झटकत आणि म्हणत, "काय नाय रे. आकरा बगत व्हतो."

आकरा म्हणजे आकडा, दोन वाहनं जोडणारा हूक. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, हे मला डोंबिवली सोडून बाळकुमला राहायला आल्यावर कळलं. आमच्या सोसायटीच्या मागेच त्यांची वाडी होती. एका सुट्टीच्या सकाळी ते तिथे कंबरेवर हात ठेवून "आकरा जमत नाय, आकरा जमत नाय" असं पुटपुटत होते. मी बाल्कनीतून विचारलं, "काका, अकरा काय? डबे का?" त्यांनी वर पाहिलं आणि इतके हसले की त्यांना खोकला आला. "खाली ये बाय, दावतो," म्हणाले.

खाली गेले आणि बघतच राहिले. आंब्याच्या दोन झाडांना वळसा घालून, बुजवलेल्या विहिरीवरून, शेवग्याखालून परत अंगणापर्यंत छोटे पितळी रूळ टाकलेले होते. त्यावर झोपलेल्या मांजराएवढं एक इंजिन आणि हातभर लांबीचे डबे. आमचा टॉवर उभा आहे ती जमीन कधीकाळी त्यांच्या घराण्याचीच भातशेती होती. खाडीकडे मिठागरंही होती. सगळं गेलं आणि त्या जागी इमारती आल्या. ही एवढी वाडी तेवढी त्यांनी धरून ठेवली होती. ठाण्यातल्या एका घराची आवराआवर चालली होती, तिथून पहिली गाडी त्यांनी हौसेनं आणली आणि मग त्यांना वेडच लागलं. गावाने त्यांना रेल्वेमंत्री करून टाकलं. खरं नाव मी काकींकडून पुष्कळ उशिरा ऐकलं.

घोळ होता तो आकड्यांचा. अशा बागेतल्या गाड्या बनवणारे पुष्कळ आणि प्रत्येकाचा कपलर, म्हणजे हा आकडा, निराळा. काही डब्यांना खाली हूक आणि वर कडी. काहींना खऱ्या मालगाडीसारखी, वळलेल्या बोटांची मूठ. दोन डबे हलकेच भिडवले की मुठी एकमेकींत अडकतात. हूकवाला डबा मूठवाल्याला जोडता येत नाही. दोन्हीकडे मूठ असली तरी एक रुळापासून जराशी खाली बसलेली असेल तर चढावर निसटते. "पयला आकरा बगाचा, मंग गारी घ्याची," हे ते प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत. स्वतः मात्र रंग बघून डबा घेत. हिरवा दिसला की संपलं. त्यामुळे त्यांच्याकडे डबे मुबलक होते आणि त्यांतले दोन-तीनच एका वेळी एकत्र धावत. सगळ्या डब्यांची एकच लांब गाडी त्यांनी कधीच चालवलेली नव्हती.

काकी ओट्यावर भाजी निवडत हे सगळं बघत. तोंडाने फटकळ बाई. "लगीन झाला तवा माझ्याकरं आवरा वाकून बगला नाय यांनी," त्या मला म्हणाल्या. मंत्री वर न बघता म्हणाले, "तुझा आकरा जमला ना लगेच. मंग कनाला बगू?" काकींनी शेवग्याची शेंग फेकून मारली. ती डब्यावर पडली, तर हे आधी डबाच तपासायला लागले.

मी एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. दिवसभर लोकांचे हात बघते. म्हणून त्यांचा उजवा हात मला दिसला. कडी उचलून हुकात घालताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जशी विडी वळताना घासतात. त्यांच्या जुन्या डब्यांच्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या, त्यामुळे प्रत्येक कडी बोटानेच बसवावी लागे. ती तीनदा निसटली. मी मुकाट्याने पुढे होऊन बसवली. पुढच्या खेपेला त्यांनी हात खिशात घातला आणि मानेने खुणावलं, "तू लाव."

"डॉक्टरांना दाखवलंत का?" मी विचारलं.

"दावला. बोल्ला, आता यो हात असाच जानार. मंग दुसरा." काकींना ऐकू जात होतं, तरी ते हळू आवाजात बोलत होते. "म्हनून सगले हूक कारून टाकाचे. मूठ लावाची. नुसता धक्का दिला की जोरली गारी. मना बोटा लागनार नायत."

त्या हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या कशावर बोललोच नाही. एकाच बनावटीचे कपलर सगळ्या डब्यांना, हे ठरलं. ते डब्याच्या अंगाला लावायचे की बोगीला, म्हणजे डब्याखाली वळणाऱ्या चाकांच्या चौकटीला, यावर मात्र वाद झाला. अंगाला लावले की ओढ सरळ बसते आणि दिसतंही छान, पण आंब्याजवळचं वळण घट्ट होतं. तिथे लांब डबे एकमेकांना रुळावरून खेचून पाडतात. अंगालाच लावायचे, असं मंत्र्यांच्या फार मनात होतं. त्यांनी दोन डब्यांना लावून पाहिले, दोन्ही वळणावर आडवे झाले. "बोगीलाच लाव," ते म्हणाले.

मागवलेल्या कपलरांपैकी निम्मे आले. बाकीचे त्या बनावटीचे मिळेनात. त्यांचा मुलगा संदेश इमारतींना रेती-खडी पुरवतो. त्याने कुठून तरी तसेच दिसणारे, नकली आणून दिले. दिसायला डिट्टो. पण त्यांची मूठ अर्धवटच मिटायची. मी कानशीने घासले, खाली पत्र्याचे तुकडे घालून उंची जुळवली. ते शेजारी स्टुलावर बसून सांगत, "जरा. अजून जरा. बस." त्यांची नजर शेवटपर्यंत पक्की होती.

याच दिवसांत वाडीत जमीन मोजायच्या फिती घेऊन माणसं यायला लागली. शेजारच्या प्लॉटचं काम वाढणार होतं आणि वाडी त्यात जाणार होती. संदेश वाईट मुलगा नव्हता. त्याने माझ्यासमोरच वडिलांना समजावलं, "बाबा, तुमच्या औषधांना, रातची बाई ठेवायला पैसा लागंल. आई एकटी किती करंल? मी काय वाडी खाऊ?" मंत्री ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सगली गारी एकदा चालू दे. मंग सही घे." संदेशने मान डोलावली आणि तो बाहेर जाऊन कुंपणाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

गाडी चालवायची ठरली त्या सकाळी काकींनी अंगण झाडलं, रुळांवरची पानं वेचली. सगळे डबे मी ओळीत लावले. मंत्र्यांनी स्वतः इंजिन मागे घेत पहिल्या डब्याला टेकवलं. टक् टक् टक् असा आवाज ओळीच्या शेवटापर्यंत गेला. सगळ्या मुठी मिटल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा आनंद मी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला आहे.

गाडी निघाली. विहिरीवरचा चढ चढली, शेवग्याआड गेली. आम्ही तिघं अंगणात वाट बघत होतो. मग झाडाआडून इंजिन आलं. एकटंच. मागे काही नाही.

"परत लाव," ते म्हणाले.

परत लावली. या वेळी चढावर तुटली. मग वळणावर. दर वेळी निराळा जोड सुटायचा. एक घासून ठीक करावा तर पुढचा दगा द्यायचा. दुपार झाली. त्यांचा हात आता कंट्रोलरच्या बटणावरही टिकेना, इंजिन हिसके खायला लागलं. काकी उठल्या आणि त्यांनी आपला हात त्यांच्या हातावर दाबून धरला. तशी दोघांनी मिळून एकदा चालवली. तीही तुटली. मंत्री म्हणाले, "संदेशला बोलव. कागद घेऊन ये, बोल त्याला."

वाडी गेली. त्यांना समोरच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. डबे खोक्यांत, खोकी पलंगाखाली. कल्याणचा एक हौशी माणूस विकत घ्यायला आला. त्याने विचारलं, "सगळे एकमेकांना जुळतात ना?" नुसतं हो म्हटलं असतं तर खोली मोकळी झाली असती. मंत्र्यांची जीभ तोवर जड झाली होती. तरी त्यांनी शब्द एकेक करून काढला, "नाय. जमत नाय." तो फक्त इंजिन घेऊन गेला.

मी आठवड्यातून एकदा जाई. पुढे पुढे ते मला ओळखत, पण बोलणं जवळजवळ थांबलं. मग एकदा त्यांनी काकींकरवी निरोप दिला की आता येऊ नको, मना असा बगाला येऊ नको. मी गेले नाही.

ते वारल्यावर मात्र गेले. घरात बायका बसलेल्या होत्या. काकींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. त्या रडत नव्हत्या.

"चार दिस आधी यांनी इचारला मना," त्या म्हणाल्या. "गारी जोरली का? मी बोल्ले, जोरली. सगली. वाडीभर फिरतेय, एक पन डबा सुटला नाय. आंब्याकरून आली, आता हिरीवर चरली. ते माझ्याकरं बगत व्हते. मंग बोल्ले, खोटा बोलतंस."

"मग?"

"मंग बोल्ले, पन बोल."

काकी पलंगाच्या कडेवर बसल्या. "म्हनून मी बोलत बसले. त्यांना झोप लागंपरेत बोलत व्हते."