खुटबावचा डबा

भानुदास गेल्याचं मला माणसांनी नाही, फ्लेक्सनं सांगितलं. पाबळहून त्यालाच भेटायला निघालो होतो, चौफुल्यावर चहाला थांबलो, तर समोर खांबांना बांधलेला तो... भावपूर्ण श्रद्धांजली. भानूचा फोटो कोपऱ्यात, आधार कार्डावरून उचललेला. बाकी सगळ्या जागेत शोकाकुल मंडळी. गॉगल लावलेली, फोन कानाला लावलेली, एक तर चक्क हसणारा. मेलेला माणूस कोणता हे शोधावं लागत होतं. चहा तसाच ठेवला. दुःख नंतर झालं, आधी किळस आली.

किळस हा तसा आमच्या दोस्तीचा पायाच. आम्ही पुण्यात विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला एका खोलीत आलो. तो वनस्पतिशास्त्राला, मी इतिहासाला. दोघेही ‘हाय’ आणि ‘न्हाई’ बोलणारे, त्यामुळे सीनियर मंडळींची फुकटची करमणूक. खानावळीतली आमटी गोड, वर तेलाचा पिवळा तवंग, आणि टेबलं पुसायच्या फडक्याचा वास थेट घासात. न्हाणीघराबद्दल इथं लिहिता येत नाही. भिंतीवर मात्र संगमरवरी पाटी, त्यावर उद्घाटकाचं नाव सोनेरी अक्षरांत. भानू मला म्हणायचा, “पाबळ्या, ह्या पाटीएवढं तरी मोरी पुसत्यात का बघ.”

आम्हाला वाचवलं ते डब्यानं. भानूच्या गावचे, खुटबावचे किसनमामा विद्यापीठाच्या छापखान्यात होते, रोज दौंडच्या शटल रेल्वेनं येऊन-जाऊन. भानूची आई सकाळी त्यांच्याकडे पितळी डबा द्यायची. भाकरी, ठेचा, कधी हुलग्याचं माडगं घट्ट करून. संध्याकाळी डबा परत जायचा, पण रिकामा नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही गावाकडची रीत, आणि भानू ती आईशीही पाळायचा. वसतिगृहात डब्यात घालण्याजोगं काही नव्हतं, म्हणून हा आवारात दिसेल ते घालायचा. बकुळीच्या बिया, गुंजा, शिरीषाची वाळकी शेंग. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. तिला वाचता येत नव्हतं. डबा हातात आला की ती आधी कानाशी धरून हलवायची. वाजला की पोरगं बरं आहे.

आमच्या मजल्यावर एक सीनियर होता. त्याला सगळे अध्यक्ष म्हणत, कशाचा ते त्यालाही ठाऊक नसावं. एके दुपारी आम्ही डबा उघडून बसलो असताना तो चेल्यांसह आला, वाकून बघितलं, म्हणाला, “काय रे, गुरांचं खातोस का माणसांचं?” आणि सिगारेटची राख भाकरीवर झटकली. मग थोटूक ठेच्यात विझवलं. चर्र आवाज झाला. चेले हसले... तो आवाज अजून आठवला की मला घास जात नाही. भानू उठला. डबा धुतला, रिकामाच मामांकडे दिला आणि ट्रंक भरायला घेतली. “मला न्हाई शिकायचं ह्या घाणीत,” एवढंच म्हणाला. शनिवारी तो कायमचा जाणार होता.

डबा वाजला नाही. दुसऱ्या दिवशी मामांबरोबर मावशीच आली. तिनं ट्रंक बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला तुमची खानावळ दावा.” बायकांना तिथं मज्जाव होता, पण अडवायची छाती कुणाची झाली नाही. डोक्यावर पदर घेऊन बाकावर बसली, ती आमटी भातासकट संपवली. “लई वंगाळ हाय,” म्हणाली, “पर पोटात ऱ्हायलीया.” मग अध्यक्ष कोणता ते विचारून त्याच्या टेबलाशी गेली. “दादा, आमच्यात राखंनं भांडी घासत्यात, मग जेवान वाढत्यात. तुमच्यात उलटं हाय व्हय?” सगळी खानावळ हशानं फुटली. चेले सर्वांत मोठ्यानं हसले, ते चेलेच होते. जाताना तिनं भानूला सांगितलं, “ट्रंक मोकळी कर. घाण काय तू केली न्हाईस.”

भानू राहिला. पुढे दौंडला आयुष्यभर शिकवत राहिला, आणि कुणी शाल घेऊन आलं की मागच्या दारानं शेतात जायचा.

त्याच्या दशक्रियेला नदीकाठी मंडप होता. पिंड मांडलेले, कावळा लांबच, आणि माइकवर रांग. आता खरोखरच एका संस्थेचे अध्यक्ष झालेले आमचे अध्यक्ष उठले. पांढरे कपडे, गळ्यात दाटलेला हुंदका. “भानुदासराव आणि मी... एका डब्यात जेवलेली माणसं!” लोक हळहळले. मी उठून बायकांच्या बाजूला गेलो. ऐंशी ओलांडलेली मावशी खाली बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “ह्योच व्हय रं, राखवाला?”

“ह्योच.”

“बोलू दे. माइक भाड्याचा हाय.”

निघताना तिनं डबा हातात दिला, तोच, पितळी. “घरी जाऊन खा, हितं तुला घास उतरायचा न्हाई.”

डबा घासून बरेच दिवस माझ्या ओट्यावर होता. काय घालून परत द्यावा ते सुचेना. पेढे घेऊन जाण्याचं हे घर नव्हे. परवा पुण्यात काम होतं, वसतिगृहापर्यंत चालत गेलो. पाटी बदलली आहे, उद्घाटक नवा. शिरीष मात्र जागेवर आहे. खाली पडलेली एक शेंग उचलली.

किसनमामा नाहीत, शटलनं मीच जाणार आहे. मावशी आता डबा हलवून बघेल की नाही, माहीत नाही. मी निघण्याआधी कानाशी धरून बघितला... वाजतो.