देवसिंगची छडी

१९५८ साली नेरच्या बाजारात तंबूतला सिनेमा लागायचा. इंग्रजी पिक्चर असला की पडद्याशेजारी देवसिंग उभा राही. हातात वेताची छडी, तोंडाशी पत्र्याचा भोंगा. पडद्यावरच्या माणसाला छडी लावून तो कोण, काय बोलतो, ते आपल्या बोलीत सांगे. त्याच्या घरचे लमाण, पूर्वी बैलांवर मीठ वाहत. यानं तांडा सोडून हे काम धरलं होतं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. दुपारी मालक गोदामात एकदा पिक्चर दाखवी, त्यावर तो गोष्ट बसवी.

त्या दिवशीचा पिक्चर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, विलायती. सारा आगगाडीत घडणारा. डब्यात कुणीतरी शत्रूचा हेर होता. मी नुकता मॅट्रिक झालो होतो, म्हणून देवसिंगनं मला गोदामात नेलं. पडद्यावर इंग्रजी चिठ्ठी आली. मी “पाइपवाला” एवढंच वाचलं आणि पुढचं वाचायच्या आत चिठ्ठी गेली. कळलं नाही म्हणायची लाज वाटली.

“पाइपवालाच हेर,” मी सांगून टाकलं. शेवटचं रीळ संध्याकाळच्या मोटारीनं यायचं होतं, त्यामुळे शेवट आम्हाला दिसलाच नाही.

मालक आधीच भडकलेला. मागच्या खेळाला लोकांनी कनात फाडली होती. “पुन्हा बोंबाबोंब झाली, त तुही छडी गेली समज,” तो देवसिंगला म्हणाला.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. देवसिंगनं पाइपवाल्याच्या नाकावर छडी टेकवली. “पहा मायबाप, हाच गद्दार!” मग तो दिसला की लोक शिव्या घालत. एकानं चप्पलही भिरकावली.

शेवटी पाइपवाल्यानंच तिकीट तपासनिसाच्या टोपीतून चोरीचा कागद काढला आणि त्याला बेड्या घातल्या. हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं.

कापसाचे मोठे शेतकरी किसनराव उठले. “काहून रे लमान्या, भल्या मानसाले शिव्या द्याले लावल्या? बैल हाकनारा तू, तुले कायचं इंग्रजी?”

“पैसे वापस!” मागून ओरडा झाला.

“कोनं सांगतलं तुले हे?” मालक गरजला.

देवसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढेच बसलो होतो. मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत राहिलो.

“कोनंच नाही. माह्याच मनानं सांगतलं.”

मालकानं छडी हिसकावून गुडघ्यावर मोडली.

“जा आता, बैलायले सांग गोष्टी!” किसनराव म्हणाले. तंबू हसला.

बाहेर मी त्याला गाठलं. “देवसिंगभाऊ, चुकलं माह्यं.”

“हे तथी बोलाचं होतं,” तो म्हणाला आणि तांड्याच्या वाटेला लागला.

पुढे तो बाजारात दिसायचा. त्यानं कधी रस्ता बदलला नाही. मीच बदलायचो.