भिंतीतलं टोक

त्या वर्षी अमरावतीत कापूस इतका आला, की वखारी पुरेनात. एका शेटजींनी जुनं दुमजली घर भाड्यानं घेऊन वरच्या माळ्यावर कापसाचे ढीग लावले. वीसेक बाया तिथं कापूस निवडत. त्यांत माझी बायकोही होती. मी सुतार. माळा करकरतो म्हणून शेटजींनी मला बोलावलं.

"मिस्त्री, पाहून घ्या. पण गिरमिट लावाचं नाय. घरमालक एक भोक पाडू देत नाय."

शिडीवर चढून मी लाकडी हातोडीनं माळ्याखालची मधली तुळई ठोकत निघालो. निरोगी सागवान खणखणीत बोलतं. अर्धी तुळई तशी बोलली. पुढे आवाज बसत गेला आणि भिंतीपाशी भरल्या पोत्यावर मारावं तसा झाला. बाहेरून लाकडाला साधी चीर नव्हती. मी पुन्हा ठोकलं, कान लावला. तेच. टोक भिंतीच्या आत सडलं होतं, आणि जिन्याचा वरचा भार नेमका त्याच टोकावर होता.

ओरडलो असतो तर साऱ्या एकदम जिन्याकडे धावल्या असत्या. मी पावलं जपून टाकत वर गेलो आणि बायकोच्या कानाशी म्हणालो, "तू आधी उतर. हळू."

"काहून? ढीग तं तसाच हाय."

"तुळई गेली हाय."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मी आधी उतरली तं साऱ्या मागं धावतीन. तुमी खाली जा. मी एकेक धाडते."

मी खाली येऊन पुन्हा शिडीवर चढलो आणि तुळईला तळवा टेकला. शेटजी काय झालं विचारत होते, मी हातानंच त्यांना मागं सारलं. एकेक बाई उतरली की लाकूड हाताखाली थरथरे. सातवी उतरताना माझ्या मानेवर भुसा पडला. एक म्हातारी मध्येच पायरीवर टेकली, "दम लागला," म्हणाली. वरून बायकोचा आवाज आला, "मावशी, अंगणात बसा ना, वारा हाय तिथं." तिच्या आवाजात कंप नव्हता. म्हातारी उठून उतरली.

ती सगळ्यांत शेवटी उतरली.

शेटजी चिडले, पण टेकू लावून कापूस खिडकीतून उतरवला. मग घरमालकानंच भिंत फोडू दिली. माझा हात तुळईत कोपरापर्यंत गेला. आत ओला भुगाच होता.

बायको आठवड्यानं दुसऱ्या वखारीत कामाला लागली. मला मात्र कित्येक महिने शिडीची दुसरी पायरी चढवत नव्हती.