पाखरांच्या बेटावर जावई पाहायला

नाशिकरोडला गाडीत बसेपर्यंत आम्ही कोणाला खरं सांगितलं नव्हतं. भावकीत सांगितलं, कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला चाललोय. मुलीलाही तेच सांगितलं. खरं काय ते फक्त माझ्या बायकोला आणि थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, ठाऊक होतं. आम्ही बहीणभाऊ चाललो होतो थेट सिंधुदुर्गात, निवतीच्या किनाऱ्यावर. तिथून होडीने समुद्रातल्या खडकाळ बेटांकडे पाखरं आणि डॉल्फिन दाखवायला नेणारा एक मुलगा आहे, दीपेश नावाचा. माझ्या ऋतुजाला त्याच्याशी लग्न करायचं आहे. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी ती दोन हंगाम तिकडे राहिली होती, तिथेच हे जुळलं. जात वेगळी, जेवण वेगळं, जमीन नाही, आणि मिळकत सगळी वाऱ्यापाण्यावर. पोरगी मात्र ठाम. मी तिला म्हणालो, विचार करून सांगतो, आणि गुपचूप तिकिटं काढली.

आमच्यात स्थळ पाहायला सांगून जातात. पण सांगून गेलं की समोरचा घर सारवून, चार बोलकी माणसं बसवून तयारच असतो. चुलतभावाच्या मुलीच्या वेळी आम्ही असेच सांगून गेलो होतो. मुलगा बँकेत आहे म्हणाले. लग्नानंतर कळलं की बँकेच्या बाहेर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात मी गिरणाऱ्याकडचा द्राक्षं आणि टोमॅटोवाला. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरचा थर कोणीही चांगलाच लावतो, मीही लावतो. म्हणून ठरवलं की ओळख न देता जायचं. मी मनमाडचा, रेल्वेतून रिटायर झालेला, बहिणीला समुद्र दाखवायला आणलंय, बस. फोनवर होडी ठरवतानाही हेच सांगितलं.

अक्का वणीहून आली ती दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. ती माळकरी आहे, त्यामुळे कोकणात आपली उपासमार होणार याची तिला खात्रीच होती. इगतपुरी गेलं तशी ती मला म्हणाली, "तू निस्तं त्याच्याकडं बघ. तो कोनाकडं कसा बघतो, ते मी बघते." घरातल्या तीन सुना तिने अशाच निवडल्या आहेत.

ठाण्याला गाडी बदलून कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि रिक्षाने निवतीला पोहोचलो. तांबडी वाट, दोन्ही बाजूंना काजू, जांभ्या दगडाची बुटकी कुंपणं आणि एका वळणावर अचानक समोर समुद्र. अक्काने रिक्षातूनच हात जोडले. मी हात जोडले नाहीत. एवढं पाणी डोळ्यांसमोर आणि एका थेंबावरही शेती होत नाही, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही.

चौकशी करायची तर न्हाव्याकडे करावी, हा माझा अनुभव आहे. दाढी वाढलेली नसताना मी गावातल्या न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. म्हणालो, "होडीवाला दीपेश कसा आहे हो? उद्या त्याच्याबरोबर जायचंय."

"दीपेश? एकदम बरो झील (मुलगा)," न्हावी म्हणाला. "तेच्यासारखो दुसरो नाय."

"दारू?"

"शिवणाव नाय (शिवतसुद्धा नाही)."

किराणा दुकानात विचारलं, तिथेही तेच. चहाच्या टपरीवर विचारलं, तिथेही तेच. एवढ्या गावात एकाही माणसाला त्याच्याबद्दल वाईट बोलता येऊ नये? आमच्या गावात देवाबद्दलसुद्धा लोक चार वाकडे शब्द बोलतात. सगळ्यांना पढवून ठेवलंय की काय, असं मला वाटायला लागलं. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईने अक्कासाठी कुळथाचं पिठलं आणि सोलकढी केली होती. अक्का पोटभर जेवली आणि मी मात्र सोलकढीचा रंग इतका गुलाबी कसा, म्हणून विचारत बसलो.

सकाळी किनाऱ्यावर दीपेश उभा होता. सावळा, मध्यम उंचीचा, उन्हाने भुरे झालेले केस. त्याने मला पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. मग हसून त्याने नमस्कार केला. "मनमाडचे ना, काका? या." पुढे रेल्वेबद्दल, नोकरीबद्दल एकही प्रश्न नाही. कोकणातला माणूस आणि चौकशी करत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ताडलं. होडीत आम्ही दोघं, तो, आणि पुढच्या टोकाला एक म्हातारा खलाशी, जो सबंध प्रवासात एक अक्षर बोलला नाही. त्याचाही मला संशय आलाच.

दीपेशने स्वतःच्या हाताने आम्हाला लाइफ जॅकेटं घातली आणि पट्टे ओढून पाहिले. अक्काच्या हातावर आल्याच्या वड्या ठेवल्या. होडी लाटांवर चढायला उतरायला लागली तशी अक्काने डोळे मिटून विठ्ठलाचं नाव सुरू केलं, आणि थोड्या वेळाने दशम्या समुद्राला अर्पण केल्या. दीपेशने इंजिन मंद केलं, तिला पाणी दिलं, "लांब जिथे आभाळ टेकलंय तिथे बघा, बरं वाटेल," म्हणाला. तिला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, सराईत आहे.

मग मी त्याची परीक्षा घ्यायला लागलो. म्हटलं, समुद्राला फार वास येतो. तो म्हणाला, हो काका, येतो खरा. म्हटलं, रेल्वेच्या नोकरीसारखी नोकरी नाही. तो म्हणाला, बरोबर आहे काका. शेवटी मी मुद्दाम म्हणालो, "पाखरं म्हणजे माणसाच्या अन्नावर टपलेली चोरटी जात. त्यांना बघायला लोक इतक्या लांब कशाला येतात?" ज्याचं पोट पाखरांवर आहे त्याने यावर काहीतरी बोलायला हवं होतं. तो फक्त गोड हसला आणि म्हणाला, "तेही खरंच आहे, काका." आता मात्र मला राग आला. सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी म्हैस देणार नाही, मुलगी तर दूरच.

वाटेत त्याने एकदम इंजिन बंद केलं. होडी नुसती डुलत राहिली. "बोलू नका. येतील," तो म्हणाला. मला वाटलं, आता अर्धा तास पाण्याकडे बघायला लावून 'आज नशिबात नव्हतं' म्हणणार. तेवढ्यात उजव्या हाताला पाणी फुटलं आणि एक करडी पाठ वर आली, मागोमाग दुसरी, तिच्या अंगाला चिकटून एक लहानगं. फुस्स करून श्वास सोडल्याचा आवाज अगदी जवळ आला. अक्का पुटपुटली, "बाई गं, लेकराला संगं घेऊन निघाली." ती तिघं होडीच्या पुढून सावकाश निघून गेली आणि आम्ही त्यांच्या मागे गेलो नाही. सगळा संशय बाजूला ठेवून सांगतो, मला फार आनंद झाला. तसा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बेटं जवळ आली तशी आधी वास आला, मग आवाज. खडक काळे, पण विष्ठेने वरून पांढरे झालेले. एका बेटावर दीपगृह. एका कपारीतून पाकोळ्यांचे थवे आत बाहेर करत होते. आत अंधारात त्यांची घरटी आहेत, पण तिथे जायला बंदी आहे, असं दीपेशने सांगितलं. पलीकडच्या बुटक्या खडकावर हजारो सुरय (टोकदार पंखांचे, पांढरट समुद्रपक्षी) बसले होते. त्यांची अंडी उघड्या दगडावरच असतात, घरटं असं नाहीच. काही अंडी फुटून पिल्लं निघाली होती, दगडाच्याच रंगाची. आम्ही उतरणार नव्हतो. मेच्या उन्हात अंड्यावरून आई उठली की ते शिजतं, म्हणून लांबूनच वळसा घालायचा, एवढं त्याने निघतानाच बजावलं होतं.

वळसा घालताना लाटेने होडी जरा आत ढकलली. दोनतीन सुरय चिडून आमच्यावर धावून आले. एकाने अक्काच्या डोक्यावरच झेप घेतली, पदराला चोच मारली. अक्का किंचाळली.

आता माझी बाजू ऐका. द्राक्षं पिकायला लागली की उजाडल्यापासून आमचं घर बागेत असतं. डबे बडवायचे, चमकीच्या पट्ट्या बांधायच्या आणि थवा उतरला की बेंबीच्या देठापासून ओरडायचं. वडिलांनी मला चालायच्या आधी ओरडायला शिकवलं असेल. पाखरू अंगावर आलं की माझा घसा मला विचारत नाही. मी होडीत ताडकन उभा राहिलो, दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या आणि आरोळी ठोकली, "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ रेऽऽ!"

अख्खा खडक उठला. आभाळ त्यांच्या कालव्याने भरून गेलं आणि खाली उन्हात ती अंडी आणि पिल्लं उघडी पडली. एक पिल्लू गडबडून कडेवरून पाण्यात पडलं. दीपगृहाच्या बाजूने एक समुद्रगरुड संथपणे आला, जणू त्याला कोणी जेवायला हाक मारली होती, आणि खडकावरून एक पिल्लू उचलून घेऊन गेला.

"ओरडतास कित्याक?" दीपेश माझ्यावर कडाडला. त्याचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं. "खाली बसा! गप रवा! पोरां मरतली ती! हंय तुमची द्राक्षां नाय लावलेली!"

(ओरडता कशाला? गप्प राहा. पिल्लं मरतील. इथे तुमची द्राक्षं लावलेली नाहीत.)

मी खाली बसलो. माझ्यावर असं कोणी ओरडल्याला जमाना झाला. त्याने इंजिन चालू न करता वल्ह्याने होडी मागे घेतली, त्या मुक्या म्हाताऱ्याने दुसरं वल्हं धरलं. पाण्यात पडलेलं पिल्लू दीपेशने लांब दांड्याच्या जाळीने उचललं, होडी दुसऱ्या बाजूने खडकाला लावून, स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून ते वर कपारीत ठेवलं. मग आम्ही दूर जाऊन निश्चल बसलो. एकेक करून सुरय खाली उतरले. शेवटचा उतरेपर्यंत दीपेश तिकडेच पाहत होता. मला फार वाईट वाटलं. ज्यांना मी जन्मभर हाकललं, ती परत यावीत म्हणून मी त्या दिवशी देवाचा धावा केला.

परतीला तो किनाऱ्याकडे बघत होडी हाकत राहिला. माफीही मागितली नाही, हसलाही नाही. किनाऱ्यावर अक्काला हात देऊन उतरवलं, मला नुसतं "पाय जपून" म्हणाला आणि पाठ फिरवली. त्याचा चेहरा उतरला होता.

खोलीवर येऊन पाय धुतल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तर मनमाडचा रेल्वेवाला होतो. मग द्राक्षं कुठून आली?

अक्का गालात हसली. "रेल्वेवाला म्हने! आरं, त्याला पहिल्यापासनं समदं ठावं हाय. तू व्हडीत चढला तवाच त्यानं तुला वळखलं. मी बघत व्हते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तो वरडला असता का तुज्यावर?"

घरी पोहोचलो तर ऋतुजा दारातच उभी. डोळे सुजलेले. "अंबाबाईचा प्रसाद कुठंय?" तिने विचारलं. मी पिशवी खाली ठेवली. मग तीच बोलली. माझा फोटो तिने त्याला केव्हाच दाखवला होता. आम्ही किनाऱ्यावर दिसताच त्याने तिला मेसेज केला होता, तुझे बाबा आलेत, रेल्वेतले म्हणून. तिने कळवलं होतं, ते म्हणतील त्याला हो म्हण, नुसतं गोड बोल, काही झालं तरी उलट बोलू नकोस. "एवढं सांगूनसुद्धा!" ती म्हणाली. "आता तो म्हणतोय, मी आपल्या हाताने सगळं घालवलं. बाबा, तो मुद्दाम नाही बोलला हो. पिल्लांचं काही झालं की त्याला भान राहत नाही."

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. ते गोड हसणं, ते हो काका, बरोबर काका, सगळं माझ्याच लेकीने शिकवलेलं होतं. पण ओरडायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. समोर कोण आहे, आपलं काय जाणार आहे, हे पक्कं ठाऊक असताना त्याला दगडावरची पिल्लं आधी दिसली. मी रात्रंदिवस शेतीत राबलो, बाजारात उभं आयुष्य गेलं, तरी माझ्या तोंडावर माझी चूक सांगणारी माणसं मला फार भेटली नाहीत. संशय घ्यायला मला आता जागा सापडेना आणि सवय तर सुटेना.

"लाव त्याला फोन," मी म्हणालो.

तिने घाबरतच लावला. पलीकडून त्याचा आवाज आला, पुन्हा तोच गोड, पुस्तकी. "काका, माझं चुकलं. मी तुमच्याशी तसं बोलायला नको होतं."

"मग कसं बोलायला हवं होतं?"

फोनमधून समुद्राचा आवाज येत होता. ऋतुजाने माझा हात घट्ट धरला होता.

"खरं सांगू, काका?" तो म्हणाला. "पुन्हा तसं केलात तर पुन्हा तसाच ओरडेन."

"मग घरच्यांना घेऊन या," मी म्हणालो. "लग्नाची बोलणी करू."