लाल उन्हातली खुर्ची

रविवार, संक्रांतीनंतरचा दुसरा. ठिकाण लोहाऱ्यातलं आमच्या थोरल्या दिरांचं घर, पश्चिमेच्या खिडकीची खोली. हजर: थोरल्या जाऊबाई, थोरले भाऊजी, त्यांची मुलगी, आणि मी, म्हणजे मुलीची चुलती. पाहुण्यांकडून मुलगा, मुलाची आई, मुलाची मावशी. मुलाचे वडील येणार होते, आले नाहीत. त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर मावशींनी आपली पर्स ठेवली.

मी शाळेत शिकवते. घरात काही कार्यक्रम असला की कोण आलं, काय लागलं, काय राहिलं हे लिहून काढते. घरच्यांना त्याचं हसू येतं, पण पुढच्या कार्यक्रमाला माझ्याकडेच येतात. मुलगी बघायचा हा कार्यक्रमही माझ्याकडेच आला होता.

पुतणीच्या डाव्या जबड्यावर कोड आहे. कानाखालून सुरू होतं आणि हनुवटीच्या अलीकडं थांबतं. कॉलेजात असताना आलं, तेव्हापासून तेवढंच आहे. औषधं झाली, सोलापूरचे डॉक्टर झाले, कुणीतरी सांगितलेला लेपही झाला. त्या लेपानं कातडी सोलली आणि डाग होता तिथंच राहिला. आधीची दोन स्थळं त्याच्यावरूनच परत गेली होती. दुसऱ्या स्थळानं तर चहाही घेतला नव्हता.

हे तिसरं स्थळ तामलवाडीकडचं. यावेळी पुतणीला मनापासून वाटत होतं की जमावं. मध्यस्थानं व्हिडिओ कॉल लावून दिला तेव्हा जाऊबाईंनी तिला उजवी बाजू करून बसवलं होतं. मुलानं पगार, स्वयंपाक असलं काही विचारलं नाही. तिच्या मागं टेबलावर तिचं कटिंग मशीन होतं, ते कसं चालतं हे विचारलं. जाड कागदाला पातं किती खोल सोडायचं हे ती त्याला समजावून सांगत बसली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "काकू, मी त्याला डागाचं सांगून टाकते. आधीच." त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी तिचा फोन घेतला आणि आपल्या कपाटात ठेवला.

मशीन शिलाई मशीनपेक्षाही लहान आहे. मोबाइलवर नक्षी काढायची, कागद चिकट मॅटवर बसवायचा आणि मॅट आत सरकवायची. आतलं बारीक पातं रेघेरेघेनं नक्षी कापत जातं. केकवर लावायची नावं, बारशाच्या पाट्या, दुचाकीवरची रेडियमची अक्षरं, असं तिचं काम चालतं. यंदा संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणासाठी तिनं सनकॅचर केले. काळ्या कार्डशीटची जाळी कापायची, मागून रंगीत पारदर्शक शीटचे तुकडे चिकटवायचे, नायलॉनचा दोरा ओवायचा आणि खिडकीच्या गजाला टांगायचं. ऊन त्यातून आलं की फरशीवर रंग सांडतात. बायकांना फार आवडले. जाऊबाई त्याला झुंबर म्हणायच्या, भाऊजी पतंग म्हणायचे.

संक्रांतीच्या आठवड्यात एका दुपारी पुतणी खिडकीशी बसून दोरे ओवत होती. वर टांगलेल्या लाल फुलाचं ऊन तिच्या जबड्यावर पडलं होतं. मी समोर शेंगा सोलत होते. जाऊबाई आतून आल्या आणि दारातच थांबल्या.

"हालू नकोस," त्या म्हणाल्या. "तशीच बस. डाग न्हाय दिसत बघ."

आणि खरंच दिसत नव्हता. लाल उन्हात सगळी कातडी एकसारखी लाल झाली होती.

त्यानंतर त्यांनी शीटचा गठ्ठाच सोडला. मुलीला खुर्चीत बसवून एकेक रंग उन्हात तिच्या तोंडापुढं धरला, साडीच्या दुकानात पदर धरून बघतात तसा. पिवळ्यात डाग थोडा दिसायचा, हिरव्यात जास्त. निळी शीट धरली तेव्हा सगळा चेहरा काळवंडला आणि डाग तेवढा उजळून वर आला.

"ह्यात तर चुना फासल्यावानी दिसायलंय," जाऊबाई म्हणाल्या आणि निळी शीट झटक्यानं खाली टाकली.

"मग पाहुण्यांना लाल काचंचे चष्मेच वाटूया की अव्वा," पुतणी आईला म्हणाली. "तेवढंच वाण बी होईल."

भाऊजी हसले. जाऊबाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, मग ते उठून बाहेर गेले.

मी जाऊबाईंना म्हणाले की आपण फोन करून सरळ सांगू, नाही म्हणायचं असेल तर घरी बसून म्हणतील, पोरीला समोर बसून ऐकावं लागणार नाही. त्यांनी माझ्या मांडीवरची शेंगांची परात उचलली आणि म्हणाल्या, "तुला दोन पोरंच हायत. पोरगी न्हाय. तू मला शिकवू नको." आमच्या घरात थोरल्या जावेच्या बोलण्यापुढं बोलायची पद्धत नाही.

म्हणून मी कामाला लागले. खिडकीच्या वरच्या डाव्या भागात मोठं लाल कमळ. चारच्या सुमाराला त्याचं ऊन जिथं पडतं तिथं फरशीवर खडूनं खूण. खुणेवर खुर्ची, मुलीची डावी बाजू खिडकीकडं. कमळ वाऱ्यानं फिरू नये म्हणून वरखाली दोन्हीकडून दोरा. पाहुण्यांना चारची वेळ. हे सगळं कापायचं आणि चिकटवायचं पुतणीनंच. तिच्याशिवाय ते मशीन कुणाला येत नाही. आपल्याच डागाच्या मापाचं कमळ तिनं माझ्या मोबाइलवर लहानमोठं करून बसवलं. पाकळ्यांच्या कडा मात्र इतक्या नीट कापल्या होत्या की मी बघत राहिले.

मोर जाऊबाईंच्या हट्टाचा. नुसतं लाल बघून शंका येईल, एखादा मोर पाहिजे, उजवीकडं खाली लावू, म्हणाल्या. मोर म्हणजे निळा.

पुतणीनं हातातली कात्री खाली ठेवली. "अव्वा, ऊन उतरत जातं तसं सरकतं. कमळ माझ्यावरनं गेलं की मोर येतोय."

"तवर जात्यात की पाहुणे. चहा प्यायला किती येळ लागतोय?"

पाहुणे चारला आले नाहीत. वाटेत तुळजापूरला दर्शनाला थांबले आणि रांगेत अडकले. मध्यस्थाचा फोन आला तेव्हा मी खडूच्या खुणेपाशी उभी होते. लाल ऊन खुणेवरून सरकून खिडकीपासून दूर, आत गेलं होतं. मी खुर्ची आत घेतली. थोड्या वेळानं आणखी आत घेतली. जाऊबाईंना म्हटलं, मोर तरी काढू. त्या म्हणाल्या, आता दोरे तोडत बसलीस आणि गाडी दारात आली म्हणजे?

गाडी आली. मुलगा अंगानं शिडशिडीत, पाय पुसून आत आला. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, दोघींच्या गळ्यात लिंगाची चांदीची शिवदारं, दोघींची नजर एकदम घरभर फिरून आली. मी चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा आणला. पुतणी येऊन खुर्चीत बसली आणि लाल ऊन बरोबर जबड्यावर पडलं. सुरुवातीचा वेळ बरा गेला. शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मुलानं मशीन कुठं आहे विचारलं, तिनं बोट दाखवलं. दोघं हसली. जाऊबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली.

मग ऊन सरकलं.

जाऊबाई म्हणाल्या, "बाळ, थोडी आत सरक गं. पंख्याचा वारा लागंना तिथं." जानेवारीत पंखा बंद होता. पुतणी खुर्चीसकट सरकली. मुलाची आई बोलता बोलता थांबली आणि पुन्हा बोलू लागली. थोड्या वेळानं जाऊबाई म्हणाल्या, ताटं ठेवायला जागा होईल, अजून जराशी सरक. पुतणी सरकली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. तिसऱ्यांदा सांगायला त्यांना कारण सापडेना. त्यांनी नुसता हात केला, शेतातलं पाखरू हाकलावं तसा.

मावशींनी चमचा ताटात ठेवला. "पोरगी सारखी का सरकायलीय?" त्या म्हणाल्या. "अजून जरा सरकली की स्वयंपाकघरातच जाईल."

त्यांच्या बहिणीला हसू आलं. मुलगाही हसला, पण त्याचं हसणं चांगलं होतं, त्याला काही कळलं नव्हतं. पुतणी मात्र त्यानंतर सरकली नाही. जाऊबाईंनी हात केला, डोळे केले. ती खुर्चीच्या दोन्ही कडा धरून बसली आणि समोर बघत राहिली. लाल ऊन तिच्यावरून सरकून मागं स्वयंपाकघराच्या दारात गेलं. मोर आला.

डाग उजळला तेव्हा आधी मुलानं पाहिला. तो एकदम खाली, आपल्या ताटात बघायला लागला. मग त्याच्या आईनं पाहिला. त्या उठल्या, पुतणीजवळ गेल्या, पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि तिच्या जबड्यावर घासलं. ताटाला चिकटलेलं खरकटं काढतात तसं, दोनदा. मग बोटानं घासलं.

"निघंना की," त्या म्हणाल्या.

पुतणीनं तोंड फिरवलं नाही. भाऊजी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

दोघी बहिणी मग आपसात कानडीत बोलल्या. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीतच होतं, हे मध्यस्थानं त्यांना नक्की सांगितलं असणार. आवाज लहान केला नाही. पोरांना काय होईल, नातवंडांत उतरेल का, खिडकीचं सोंग बघ, एवढं करण्यापेक्षा पोरीला बुरखा घालून बसवायचं. हे सगळं आम्ही ऐकलं आणि त्यांच्या कपात चहा ओतला. त्यांनी सुशीला परत मागून खाल्ला. मावशींनी त्यात लिंबू पिळलंय का विचारलं. मी पिळलंय म्हणून सांगितलं.

निघताना मुलाची आई खिडकीपाशी थांबली. कमळाला बोट लावून बघितलं, मोराचा पिसारा उलटून मागची बाजू बघितली.

"हे लई नामी केलंय," त्या म्हणाल्या. "पोरीनं केलंय व्हय? आमच्या बी घराला खिडक्या हायत. पोराचं लग्न कुठं जमलं की असली सगळ्या खिडक्यांना लागतील. देता का करून?"

पुतणीनं तोंड उघडायच्या आत जाऊबाई बोलल्या, "देईल की. का नाही देणार?"

मला वाटलं पुतणी आत निघून जाईल. ती खुर्चीतून उठली, खिडकीपाशी गेली, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मापं पाठवा खिडक्यांची. आणि नवरीला कुठं बसवणार तेवढं कळवा. त्या हिशोबानं रंग धरते."

मुलाची आई तिच्याकडं नीट बघून बोलली. "आमच्या सुनंला रंगाची गरज लागायची न्हाय."

मुलगा चपला घालून आधीच बाहेर गेला होता. गाडीत मागं बसला, काच खाली घेतली नाही.

ते गेल्यावर जाऊबाईंनी मुलीला विचारलं की तिसऱ्यांदा का सरकली नाहीस. ती म्हणाली, "मागं भिंत हुती, अव्वा." भिंत नव्हती. मागं स्वयंपाकघराचं दार होतं, उघडं. जाऊबाईंनी तिच्या हाताला धरून तिला खुर्चीपाशी नेऊन ते दार दाखवलं. तिनं पाहिलं आणि कप उचलायला लागली. मी तिच्या हातातून ट्रे घेतला. तिनं तो परत घेतला.

महाशिवरात्रीनंतर मध्यस्थाकडून मापं आली. लग्न वैशाखात, मुलगी सोलापूरची. सोबत मुलाच्या आईचा निरोप होता की कमळंच करावीत, सगळी लाल, तसलीच. जाऊबाईंनी मुलीचा फोन कपाटातून काढून दिला. मापं त्यावरच आली होती, आणि त्या म्हणाल्या, ऑर्डर परत पाठवली तर लोक म्हणतील पोरीच्या मनाला लागलं. मी म्हणाले, लागलंच आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

पुतणी काम करते आहे. मी दर रविवारी जाते, सुटे तुकडे पिशवीत भरते आणि दोरे मापानं कापून ठेवते. काळ्या जाळ्या सगळ्या कापून झाल्या. देठांची हिरवी शीट कापून चिकटवून झाली. परागांची पिवळी झाली. खिडकीनुसार गठ्ठे करून मी त्यावर चिठ्ठ्या लावल्या: ओसरी, देवघर, माडी, नवरीची खोली. लाल शीटची गुंडाळी आल्यापासून मशीनशेजारी उभी आहे, तिच्यावरची चिकटपट्टी अजून काढलेली नाही. गेल्या रविवारी पुतणीनं मॅट साफ केली, पातं बदललं, मशीन सुरू केलं. कमळाची पाकळी पडद्यावर आली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"काकू, लाल तेवढं तुम्ही घाला मशीनला. बटण दाबायचं असतं नुसतं."

मी म्हणाले, पुढच्या रविवारी. जाऊबाई आतून विचारत होत्या, झालं का गं, लग्न तोंडावर आलंय.

जाळ्या झाल्या. हिरवं झालं. पिवळं झालं. दोरे झाले. लाल कापायचं राहिलंय.